लाज सोडा, फोन लावा

४ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. आत सातशेहून जास्त माणसं सापडली, त्यांत तरुण मुलामुलींचाच भरणा होता. काम रात्रीचं, कारण तेव्हा अमेरिकेत दिवस असतो. पोलिसांनी सांगितलेली कामाची पद्धत अशी होती. इथून अमेरिकेतल्या घरांत फोन जायचे आणि बोलणारा आपण तिथल्या आयकर खात्याचा अधिकारी असल्याचं सांगायचा. तुमचा कर थकलाय, पोलीस निघालेत, अटक टाळायची असेल तर दुकानात जा, गिफ्ट कार्डं विकत घ्या आणि त्यांवरचे आकडे मला वाचून दाखवा. तोवर फोन ठेवायचा नाही. काय बोलायचं ते कागदावर लिहून दिलेलं असायचं. पोलिसांनी मुख्य सूत्रधार म्हणून ज्याचं नाव घेतलं, त्या सागर ठक्करला एप्रिल २०१७ मध्ये मुंबई विमानतळावर अटक झाली.

या प्रकरणातून एक गोष्ट मनात पक्की धरायला हवी. पलीकडची माणसं अडाणी नव्हती. इंग्रजी त्यांची रोजची भाषा, कर भरण्याची त्यांना सवय, बँकेचे व्यवहार आयुष्यभर केलेले. तरीही ती दुकानात गेली आणि त्यांनी आकडे वाचून दाखवले. भीती घातली, घाई केली आणि फोन ठेवू दिला नाही, की शिकलासवरलेला माणूसही सांगेल ते करतो.

मीरा रोडला विरार लोकल पकडली की भाईंदर, मग खाडीवरचा पूल आणि नायगाव. १ ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या दोन्ही काठांना मिळून एकच मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे. सदानंद दाते हे त्याचे पहिले आयुक्त. तसलेच फोन आता या काठावर, नायगावपासून विरारपर्यंतच्या घरांत येतात, मराठीत आणि हिंदीत. फक्त खातं बदललंय. अमेरिकेच्या आयकराऐवजी महावितरण, बँकेचं केवायसी, कुरिअर, सीबीआय.

देशाचा हिशेब केंद्र सरकारनं संसदेत मांडला आहे. २०२३ साली सायबर फसवणुकीत लोकांचे ७,४६५ कोटी रुपये गेले, २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. हे सगळे लोक बावळट होते असं म्हणून सुटता येणार नाही. उलट, फसलेल्याला बावळट ठरवण्याची आपली सवयच चोराच्या पथ्यावर पडते. माहिती देऊन बसलेला माणूस लाजेनं गप्प राहतो, त्याच वेळात त्याचे पैसे चार बँका ओलांडून जातात. ओटीपी सांगणं ही चूक आहेच. पण त्यानंतरचं गप्प बसणं त्याहून महाग पडतं.

ओळखीची बँक

वसईत बँक ही नवी गोष्ट नाही. पापडीला मुख्य कार्यालय असलेली बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक १९१८ सालची. पुढे इतरही सहकारी बँका आणि गावोगावच्या पतपेढ्या उभ्या राहिल्या. या संस्थांचा पाया ओळखीचा होता. काउंटरवरचा कारकून खातेदाराला नावानं हाक मारायचा, त्याची वाडी कुठली आणि मुलगा कुठे नोकरीला हे त्याला ठाऊक असायचं. त्यानं काही विचारलं तर उत्तर देण्यात धोका नव्हता. साहेबानं विचारलं की सांगायचं, कागद मागितला की द्यायचा, हे वळण आपल्याला तिथे लागलं.

नंतर खातं मोबाइलमध्ये आलं. नालासोपाऱ्याच्या चाळीत नव्यानं राहायला आलेला कामगार, विरार पूर्वेच्या टॉवरमधलं जोडपं, नंदाखालच्या वाडीतले आजोबा, सगळ्यांचा व्यवहार एकाच छोट्या पडद्यावर होऊ लागला. बँकेचा माणूस दिसेनासा झाला, त्याच्या जागी आवाज आला. वळण मात्र तेच राहिलं. आवाजानं विचारलं, आपण सांगितलं. या आज्ञाधारकपणाला मूर्खपणा म्हणणं अन्याय आहे. ते वळण मोडायचं तर आधी ते आपल्यात आहे हे मान्य करावं लागेल.

कशानं काय उघडतं

सगळी माहिती सारख्याच धोक्याची नसते. 'कुणाला काहीच देऊ नका' या सरसकट सूचनेचा उपयोग म्हणूनच होत नाही. भाडेकरूला घरमालकाचा खाते क्रमांक लागतोच, कंपनीला रद्द केलेला धनादेश लागतोच.

खाते क्रमांक, आयएफएससी आणि यूपीआय आयडी यांनी खात्यात पैसे येतात. तेवढ्यावर कुणी पैसे काढून नेऊ शकत नाही. पण चोराच्या तोंडी ही माहिती असली की त्याचं बोलणं खरं वाटू लागतं. तुमच्या खात्याचे शेवटचे चार आकडे अमुक आहेत ना, असं त्यानं विचारलं की समोरचा मनातल्या मनात त्याला बँकेचा माणूस मानून मोकळा होतो.

कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचा सीव्हीव्ही हे तिन्ही एकत्र गेले तर धोका वाढतो. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतो, परदेशातल्या कित्येक संकेतस्थळांवर लागत नाही. कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या अॅपमधून बंद ठेवता येतो. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे नवं कार्ड हातात येतं तेव्हा तो बंदच असतो.

ओटीपी, यूपीआय पिन आणि पासवर्ड या किल्ल्या आहेत. त्या मागायचा अधिकार बँकेलाही नाही. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. तुमचा जुना सोफा विकत घेतो, हा कोड स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील, असं म्हणणारा माणूस पैसे द्यायला नव्हे, न्यायला आलेला असतो. व्यक्तीनं व्यक्तीकडे पैसे मागण्याची यूपीआयमधली 'कलेक्ट' सोय अशाच फसवणुकीमुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली.

चौथा प्रकार आधारचा. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर बँक मित्राच्या, म्हणजे बँकेनं नेमलेल्या प्रतिनिधीच्या, यंत्रातून रोख निघते, ओटीपी लागत नाही. वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात आणि जव्हार-मोखाड्याकडे ज्यांना शाखा लांब पडते, त्यांना ही सोय मोठा आधार आहे. पण काही राज्यांत दस्तनोंदणीच्या कागदांवरचे अंगठे उचलून रबरी ठसे बनवल्याचे आणि त्यांवर खाती रिकामी केल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत. ही सोय लागत नसेल तर आधारच्या अधिकृत अॅपमधून आपले ठसे कुलूपबंद करून ठेवावेत. लागतील तेव्हा उघडता येतात.

'आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल'

महाराष्ट्रात २०२२ च्या सुमारास हा संदेश घरोघर पोहोचला. वसई-विरारला वीज महावितरणची, त्यामुळे इथेही तो खराच वाटायचा. मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याशी ताबडतोब संपर्क साधा. खाली एक मोबाइल नंबर.

पुढचा मार्ग पायरीपायरीनं बघण्यासारखा आहे. माणूस त्या नंबरवर फोन लावतो. बिल तर भरलंय, असं सांगतो. पलीकडचा अतिशय सभ्यपणे म्हणतो, हो, भरलंय, फक्त आमच्याकडे नोंद झालेली नाही. तुम्ही दहा रुपये भरा, नोंद होईल. त्यासाठी एक अॅप घ्या. ते अॅप महावितरणचं नसतं. दूर बसून दुसऱ्याचा पडदा बघण्यासाठी बनवलेलं, एरवी कामाचं सॉफ्टवेअर असतं. पडद्यावर नऊ आकडी सांकेतिक क्रमांक येतो, तो वाचून दाखवा म्हणतात. परवानगीचं बटण दाबा म्हणतात. मग दहा रुपये भरताना माणूस कार्डाचा क्रमांक टाकतो, पासवर्ड टाकतो, ओटीपी येतो, आणि पलीकडचा हे सगळं डोळ्यांनी बघत असतो. इथे कुणी कुणाला ओटीपी सांगितलेला नाही. 'मी तर ओटीपी दिलाच नाही,' असं माणूस पोलिसांना सांगतो तेव्हा तो खरं बोलत असतो.

महावितरणचे संदेश कंपनीच्या नावानं येतात, कुणाच्या वैयक्तिक मोबाइलवरून येत नाहीत, आणि रात्री वीज तोडायचा असा संदेश कंपनी पाठवत नाही, हे महावितरणनं वारंवार जाहीर केलं आहे. आता त्या संदेशाची जागा व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या एपीके फायलीनं घेतली आहे. वाहनाचं चलन, लग्नाची पत्रिका, बँकेचं केवायसी, काहीही नाव असतं. ती फाइल उघडून बसवली की मोबाइलमध्ये येणारे ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ लागतात.

सरकारी योजना निघाली की तिच्या मागोमाग तिची खोटी संकेतस्थळंही निघतात. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीचं झालं, आणि बनावट संकेतस्थळांपासून सावध राहण्याचं आवाहन सरकारला करावं लागलं. महिन्याचे १,५०० रुपये बंद होतील ही धास्ती घरकाम करणाऱ्या बाईला कोणत्याही दुव्यावर बोट ठेवायला लावू शकते. दुवा शेजारणीनं पाठवला, गटावर आला, म्हणून तो खरा ठरत नाही. बँकांच्या बाबतीत आता एक खूण मिळाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेपटीवर आले आहेत. शेपूट वेगळी दिसली की थांबावं.

झेरॉक्सचं दुकान आणि लोकलचा डबा

स्टेशनबाहेरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात उभं राहिलं की दिसतं. गिऱ्हाईक विचारतं, कुठल्या नंबरवर पाठवू? काउंटरवर नंबर चिकटवलेला असतो. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, तिन्ही फोटो व्हॉट्सअॅपवर जातात, दुकानातल्या संगणकावर उघडतात, प्रती निघतात. गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जातं. फोटो मात्र त्या संगणकाच्या डाउनलोडमध्ये राहतात, कालच्या गिऱ्हाइकाचे आणि परवाच्याही. दुकानदार प्रामाणिक असतो. पण त्या संगणकाला कुलूप नसतं, आणि दुकानात दिवसभर कितीतरी लोक येऊन जातात.

यावर उपाय आहे. जिथे चालतं तिथे आधारची फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत द्यावी. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ती मिळते. प्रतीवर आडवं लिहावं, अमुक कामासाठी, अमुक तारखेला. आणि दुकानातून निघताना, माझ्या फायली पुसून टाका, असं सांगून त्या पुसलेल्या बघाव्यात. यात दुकानदाराचा अपमान नाही. सुटे पैसे मोजून घ्यावेत इतकी ती साधी गोष्ट आहे.

विरार लोकलचा धोका वेगळाच. खचाखच गर्दीत माणूस तिकीट काढतो, रिचार्ज करतो, पिन टाकतो, आणि खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्याला तो पिन दिसतो. दादरला किंवा अंधेरीला मोबाइल गेला की माणूस मोबाइलच्या किमतीसाठी हळहळतो. चोराला मोबाइलपेक्षा सिमकार्ड मोलाचं असतं. सिम काढून दुसऱ्या मोबाइलमध्ये घातलं की ओटीपी तिकडे येऊ लागतात. मोबाइलच्या सेटिंगमध्ये सिमला पिन लावता येतो. तो लावला तर दुसऱ्या मोबाइलमध्ये सिम चालू होत नाही. लावण्याआधी कंपनीकडून मूळ पिन विचारून घ्यावा, कारण तीनदा चुकला की सिम अडकतं. मोबाइल चोरीला गेलाच तर आधी सिम आणि खातं बंद करावं, मग पोलीस ठाण्यात जावं.

सिम जागेवर असूनही हातचं जाऊ शकतं. डिसेंबर २०१८ मध्ये माहीमच्या एका व्यापाऱ्याला मध्यरात्री एकामागून एक मिस्ड कॉल आले. सकाळी मोबाइलला रेंज नव्हती. कुणीतरी त्याच्या नंबरचं दुसरं सिम मिळवलं होतं, आणि तोवर खात्यातून १ कोटी ८६ लाख रुपये गेले होते. मोबाइलची रेंज विनाकारण बराच वेळ गेली तर दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच विचारायला हवं.

एकट्या आईवडिलांचा फोन

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, गास, भुईगाव, आगाशीकडे अशी कितीतरी घरं आहेत जिथे मुलं आखातात, कॅनडात किंवा बोटीवर आहेत आणि घरात वयस्कर आईवडील. खात्यात निवृत्तीची पुंजी आणि मुलांनी पाठवलेले पैसे. अशा घरांवर 'डिजिटल अटक' नावाचं जाळं टाकलं जातं.

व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, मागे चौकीचा देखावा. तुमच्या नावच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर काळा पैसा फिरला, तुम्हाला डिजिटल अटक झालीय. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, मुलांना सांगायचं नाही, सांगितलं तर तेही अडकतील. मग 'तपासणीसाठी' सगळे पैसे अमुक खात्यात पाठवा, निर्दोष ठरलात तर परत मिळतील. मीरा रोडच्या कागदावर होतं तेच हे. भीती, घाई, आणि फोन ठेवू न देणं.

भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे स्पष्ट सांगितलं. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे तपासायला मागवत नाही. पण ऐनवेळी कायदा आठवत नाही, माणूस आठवतो. म्हणून मुलांनी आईवडिलांना एकच गोष्ट पक्की सांगून ठेवावी. 'कुणाला सांगू नका' असं जो म्हणेल, त्याचा फोन ठेवून आधी मला सांगा, मध्यरात्र असली तरी. आणि सांगितल्यावर ओरडा खावा लागणार नाही याची त्यांना खात्री असली पाहिजे.

भाड्यानं दिलेलं खातं

चोरलेले पैसे चोर स्वतःच्या खात्यात घेत नाही. ते आधी कुणा तिसऱ्याच्या खात्यात जातात, तिथून पाच-दहा खात्यांत फुटतात, मग एटीएममधून रोख निघतात किंवा आभासी चलनात बदलतात. ही मधली खाती माणसांकडूनच येतात. बेकार तरुणाला सांगितलं जातं, नवं खातं उघड, पासबुक, एटीएम कार्ड, त्याला जोडलेलं सिम आणि पिन आम्हाला दे, महिन्याला काही हजार मिळतील. कॉलेजच्या मुलाला, गाळ्यातल्या कामगाराला हे सोपे पैसे वाटतात.

बँकेची माहिती देण्याचा हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण इथे देणाऱ्याच्या घामाचा पैसा जात नाही, दुसऱ्या कुणाचा जातो. पोलिसांचा माग मात्र खातेदाराच्या दारात येऊन थांबतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली, दुसऱ्याचं सोंग घेऊन केलेल्या फसवणुकीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. फसवणुकीची इतर कलमं त्यावर. खऱ्या सूत्रधाराला खातेदारानं कधी पाहिलेलंही नसतं. मुलगा नोकरीविना घरी बसला असेल, तर त्याच्या नावावर किती खाती आहेत आणि त्यांची कार्डं कुठे आहेत, हे घरच्यांना माहीत असायला हवं.

कायदा कुठवर साथ देतो

रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला काढलेलं परिपत्रक प्रत्येक खातेदारानं समजून घ्यावं. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांनाही ते लागू झालं, म्हणजे वसईच्या जुन्या बँकांनाही. सूत्र असं आहे. दोष बँकेचा असेल तर खातेदाराचं नुकसान शून्य. दोष बँकेचाही नाही, खातेदाराचाही नाही, तिसऱ्याच कुणाचा आहे, आणि खातेदारानं बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चार ते सात दिवस लावले तर त्याच्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत बोजा. खातेदाराची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे.

आणि खातेदारानं स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल तर? बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. चूक झालेल्या माणसालाही कायद्यानं एक क्षण दिला आहे, ज्याच्यापुढे तो सुरक्षित आहे. तो क्षण म्हणजे कळवण्याचा.

न्यायालयांनीही साथ दिली आहे. मुंबई उच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये याच परिपत्रकाच्या आधारे बँक ऑफ बडोदाला ७६ लाख ९० हजार रुपये ग्राहकाला परत करण्याचा आदेश दिला. त्या खात्यातून पैसे पाठवायच्या यादीत ओटीपी न येताच नव्या लोकांची नावं जोडली गेली होती. त्याहून जुनं उदाहरण पुण्याचं आहे. एका कंपनीच्या मालकानं खोट्या ईमेलला उत्तर दिलं आणि ८० लाख रुपये गेले. चूक त्याचीही होती. तरी राज्याचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी न्यायनिर्णय अधिकारी म्हणून २०१३ मध्ये पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख भरपाई द्यायला लावली, कारण पैसे ज्या खात्यांत गेले ती बँकेनं नीट पडताळली नव्हती. एका बाजूनं चूक झाली म्हणून दुसरी बाजू आपोआप सुटत नाही. बँकेनं दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याचा माहिती क्रमांक १४४४८.

पहिला तास

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा आकडा १९३०. सायबर फसवणूक कळवण्याची केंद्रीय गृह मंत्रालयाची ही सेवा २०२१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर सुरू झाली, पुढे तिला १९३० हा नंबर मिळाला. फोन लावल्यावर बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात. पैसे गेल्याचा संदेश म्हणूनच पुसू नये. इथून तक्रार थेट पैसे गेलेल्या बँकेच्या पडद्यावर जाते. पैसे अजून त्या खात्यात असतील तर तिथेच गोठवले जातात. पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेला कळवलं जातं. पैसे पळतात, तक्रार त्यांच्या मागे पळते. तक्रार किती लवकर निघाली यावरच किती हाती लागतील हे ठरतं. गोठवलेली रक्कम नंतर तक्रारदाराला परत मिळू शकते. आपल्या आयुक्तालयाच्या सायबर पोलिसांनी असे पैसे परत मिळवून दिल्याच्या बातम्या येतच असतात. वेळेवर फोन लावणाऱ्यांना त्यातून काही ना काही मिळू शकतं.

एक नियम मनावर घेतला तर बहुतेक फोन तिथेच संपतील. बँकेबद्दल बोलायचं ते फक्त आपण लावलेल्या फोनवर, पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर. गूगलवर शोधलेल्या नंबरवर नाही, कारण तिथे खोटे नंबर घुसवल्याची प्रकरणं घडली आहेत. आलेल्या फोनवर, कोणीही असो, 'मी शाखेत येतो' म्हणून फोन ठेवायचा. खरा बँकवाला यावर रागावत नाही.

वसई-विरारमध्ये माणसं एकत्र येण्याच्या जागा भरपूर आहेत. सोसायटीची वार्षिक सभा, चर्चमधली रविवारची मिस्सा, गणपती मंडळ, महिला बचत गट, लोकलमधलं भजनी मंडळ. दर सभेत पाच मिनिटं या विषयाला द्यावीत, आणि ज्याचे पैसे गेले त्यानं स्वतः उभं राहून सांगावं, कसं झालं ते. ऐकणाऱ्यांनी हसू नये. त्याच्या अनुभवानं पुढच्या दहा घरांचे पैसे वाचतील.

घरातही हेच. आई, बाबा, बायको, पोरगा, कुणीही घाबऱ्या चेहऱ्यानं सांगायला आलं, तर 'ओटीपी का दिलास?' हा प्रश्न त्या दिवशी विचारू नये. तो नंतर कधीही विचारता येईल. त्या वेळी एकच विचारायचं, किती वाजता गेले? आणि उत्तर ऐकता ऐकता १९३० लावायचा.